पाटी दिसते का?

खोपोलीची लोकल पळसदरी सोडते आणि घाट चढणाऱ्या पुण्याच्या रुळांपासून फारकत घेते. पुढं केळवली, डोळवली, लौजी आणि शेवटी खोपोली. बऱ्याच वर्षांपूर्वी चौथीच्या वर्गाला घेऊन मी या गाडीनं खोपोलीला निघाले होते. मुलांना गप्प बसवण्यापेक्षा कामाला लावावं म्हणून एक खेळ काढला. गाडी थांबायच्या आत स्टेशनची पिवळी पाटी जो आधी वाचेल, त्याला चिंचेची गोळी. जाताना प्रत्येक गोळी एकाच मुलानं मिळवली. मला नवल वाटलं, कारण वर्गात फळ्यावरची एक ओळ तो धड उतरवत नसे. येताना त्याला झोप लागली. गाडी थांबताना धक्क्यानं जाग आली, तसा तो खिडकीतून बघून ओरडला, "डोळवली!" स्टेशन केळवली होतं. सगळे हसले. मीही हसले.

रात्री ते हसणं मला टोचायला लागलं. केळवली आणि डोळवली. शेवटची तीन अक्षरं तीच, फरक काय तो पहिल्या अक्षरात. जाताना त्यानं एकही पाटी वाचलेली नव्हती. स्टेशनांचा क्रम त्याला पाठ होता. झोपेत क्रम तुटला, आणि पिवळ्यावर काळं असं जे काही पुसट दिसलं त्यावरून त्यानं अंदाज बांधला.

डोळे तपासले तेव्हा दोन्हींचा नंबर उणे साडेतीन निघाला. याचा अर्थ साध्या भागाकारात कळतो. एकाला साडेतीननं भागलं की येतात साधारण ०.२९ मीटर, म्हणजे एकोणतीस सेंटीमीटर, एक वीत आणि वर तीन बोटं. तिथपर्यंतचं जग त्याला स्वच्छ, त्यापुढचं सगळं धुक्यात. फळा त्याच्यापासून दहा फुटांवर होता. तीन वर्षं तो शेजारच्याच्या वहीत बघून लिहीत होता, आणि वर्गात त्याचं नाव पडलं होतं 'नकल्या'. त्या नावानं मीही त्याला हाक मारलेली आहे.

मुलांची नजर आणि मुलांचं शिकणं यांच्या नात्यावर हे पुस्तक आहे. प्रस्तावना लिहायला बसले आणि सगळ्यांत आधी तो मुलगा डोळ्यांसमोर आला.

कान दुखला तर मूल रात्रभर घर जागं ठेवतं. पोट दुखलं तर शाळा बुडवतं. कमी दिसतं, हे मात्र मूल सांगत नाही. लपवतं म्हणून नव्हे. दुसऱ्यांना याहून वेगळं दिसतं, हे त्याला कुणी कधी सांगितलेलंच नसतं. जन्मापासून जे दिसतं तेच त्याच्या लेखी दिसणं. फळा म्हणजे एक काळी जागा, तिच्यासमोर बाई हात हलवतात आणि बाकीच्या मुलांना कसं कोण जाणे त्यातून काहीतरी कळतं. मग आपल्याला कळत नाही म्हणजे आपणच कमी, असा त्याचा निष्कर्ष असतो. आपणही 'ढ', 'मठ्ठ', 'लक्षच नसतं' असे शब्द वापरून त्या निष्कर्षावर शिक्का मारतो. पहिलीत बसलेला तो शिक्का चौथीपर्यंत मुलाच्या स्वभावात उतरतो. ते मागं बसायला लागतं, प्रश्न विचारणं सोडतं, नाहीतर दंगा करून लक्ष दुसरीकडं वळवतं. दंगा करणारं मूल निदान नजरेत तरी भरतं. गप्प मुलाची मला अधिक भीती वाटते.

पळसदरीच्या परिसरात राहणाऱ्याला एक गोष्ट रोज दिसते. कर्जतला पुण्याकडच्या गाड्यांना मागून बँकर इंजिनं जोडली जातात, आणि ती धापा टाकत गाडीला घाटात ढकलतात. ते इंजिन हाकायला माणूस घेताना रेल्वे त्याची नजर फार कसोशीनं तपासते. भरतीच्या वेळी चष्म्याशिवाय दोन्ही डोळे ६/६ हवेत, जवळचं नीट दिसायला हवं, रंग ओळखता यायला हवेत. त्याला सिग्नल वाचायचा असतो, म्हणून. सहा वर्षांच्या मुलाला आपण पुढच्या दहा वर्षांच्या वाचनाला बसवतो, आणि त्याला अक्षर दिसतं का, हे त्याच्या हातात पुस्तक देण्याआधी विचारत नाही.

सरकारी व्यवस्था नाही असं नाही. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला, आणि शाळेतल्या मुलांची नेत्रतपासणी व मोफत चष्मे हा त्याचा भाग आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात तर फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या शेजारीच, पालघरला झाली. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होतं. या कार्यक्रमाची फिरती पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यावीत अशी रचना आहे, आणि नजरेचे दोष त्यांच्या तपासणीच्या यादीत आहेत. पुढच्या तपासण्यांसाठी कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे, पनवेलला लक्ष्मी आय इन्स्टिट्यूट आणि शंकरा नेत्र रुग्णालय आहे. पण पथक येतं एक दिवस, आणि शाळा भरते दोनशेहून अधिक दिवस. त्या उरलेल्या दिवसांत मुलाच्या समोर असतो शिक्षक. म्हणून हे पुस्तक आधी शिक्षकाच्या हाती पडावं असं मला वाटतं.

आता नजर तपासायच्या तक्त्याविषयी. हर्मान स्नेलन या डच डॉक्टरांनी १८६२ मध्ये तो तयार केला. सहा मीटरवर उभं राहायचं, एकेक डोळा झाकायचा आणि खालखालच्या ओळी वाचायच्या. अक्षरओळख नसलेल्या मुलासाठी वेगवेगळ्या दिशांना तोंड केलेली इंग्रजी 'ई'ची आकृती असते. तिचे पाय कुठल्या बाजूला आहेत, ते मूल बोटांनी दाखवतं. दूरचं न दिसणारं मूल यात लगेच सापडतं. माझा तो विद्यार्थी दुसऱ्या ओळीतच अडकला असता.

पण वाचन वीस फुटांवर होत नाही. ते हातभर अंतरावर होतं, आणि तिथं हा तक्ता फसवतो. प्लस नंबरच्या, म्हणजे जवळच्या दृष्टीचा दोष असलेल्या मुलाच्या डोळ्यांतलं भिंग लवचीक असतं. जोर लावून मूल तक्त्याची शेवटची ओळसुद्धा वाचून दाखवतं. कागदावर ६/६ लिहिलं जातं. मग तेच मूल घरी पुस्तक उघडतं तेव्हा तोच जोर त्याला दुपटीनं लावावा लागतो, आणि तो अर्धा-पाऊण तास सलग. दहाव्या मिनिटाला कपाळ दुखायला लागतं, विसाव्या मिनिटाला ते पुस्तक मिटून गोठ्यात जातं. आई म्हणते, खेळायला बरे डोळे दुखत नाहीत! ते खरंच असतं. खेळताना त्याला जवळ बघावं लागत नाही.

अमेरिकेत चार-पाच वर्षांच्या मुलांचा अभ्यास करून २०१६ मध्ये असं दाखवलं गेलं की मध्यम प्रमाणातला प्लस नंबर असूनही चष्मा नसलेली मुलं अक्षरओळखीसारख्या वाचनपूर्व कौशल्यांत मागं होती. ही मुलं शाळेत जायच्या आधीच मागं पडली होती, हे मला त्यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. पहिलीच्या बाईंच्या हाती मूल पडतं तेव्हा शर्यत सुरू होऊन गेलेली असते. अंगणवाडी सेविकेसाठी या पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे, ते यासाठी.

या मुलांचा खरा नंबर डोळ्यांत थेंब घालूनच कळतो. थेंबांनी ते जोर लावणारं भिंग काही काळ सैल पडतं आणि दडलेला नंबर उघडा होतो. त्यानंतर औषधानुसार काही तास किंवा काही दिवस मुलाला जवळचं धूसर दिसतं, उन्हाचा त्रास होतो. नेमक्या याच वेळी अनेक घरांत घबराट होते : "चांगला बघत होता, औषध घालून डोळा घालवला." आधी दोन वाक्यं समजावून सांगितली, तर ही घबराट होत नाही. न सांगितल्यामुळे किती मुलं दुसऱ्या तपासणीला परतच आली नाहीत, ते मी पाहिलेलं आहे.

आता थोडं आपल्या लिपीविषयी. नजरेवरची बहुतेक पुस्तकं रोमन अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असतात, म्हणून हे मुद्दाम सांगते. देवनागरीत अर्थ फार बारीक जागी ठेवलेला असतो. 'आंबा' आणि 'आबा' यांच्यात एका टिंबाचं अंतर. 'घर' आणि 'धर' यांच्यात डोक्यावरच्या एका गाठीचं. 'भ' आणि 'म', 'थ' आणि 'य', 'ब' आणि 'व', 'ष' आणि 'प' ही अक्षरं धुक्यात ठेवली, तर मोठ्या माणसालाही सांगता येणार नाहीत. त्यात वर वेलांट्या, खाली उकार, रफार. सिलिंडरचा नंबर असला, म्हणजे बुबुळाचा गोलावा सगळ्या बाजूंनी सारखा नसला, की एका दिशेच्या रेघा ठळक आणि दुसऱ्या दिशेच्या पसरट दिसतात. एखाद्या मुलाला शिरोरेषा स्वच्छ दिसते आणि काना विरघळतो. दुसऱ्याचं याच्या उलट. अशा मुलाची वही तपासताना आपण लाल शाईनं ऱ्हस्व-दीर्घाच्या, अनुस्वाराच्या, कान्याच्या चुका काढतो. शुद्धलेखन दहा-दहा वेळा लिहायला देतो. त्यातल्या काही चुका व्याकरणाच्या नसतात. त्या कशा ओळखायच्या? तोंडी विचारून. जे मूल शब्द तोंडी बरोबर फोडतं, 'आंबा' म्हणताना नाकातला उच्चार नीट करतं आणि लिहिताना टिंब विसरतं, त्याला आधी फळ्याजवळ आणावं. तरीही चुकलं, तर पुस्तक किती अंतरावर धरतं ते पाहावं. ही तपासणी करायला डॉक्टर लागत नाही.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. आमच्याकडं जून ते सप्टेंबर ढग खिडकीपर्यंत उतरतात आणि दिवे दिवसातून दोन-तीनदा जातात. वापरून पांढुरका झालेला फळा, ओलसर खडू आणि अंधारी खोली यांत चांगल्या नजरेच्या मुलालाही ताण पडतो. कमी नजरेचं मूल त्या चार महिन्यांत जवळजवळ आंधळं शिकतं. फळा दर वर्षी रंगवून घ्या, हे मी नव्या शिक्षकांना आग्रहानं सांगते.

दोन्ही डोळ्यांना स्वच्छ दिसतं, नंबर नाही, तरीही मूल वाचत नाही, असंही होतं. ओळ सुटते, तीच ओळ पुन्हा वाचली जाते, बोट ठेवल्याशिवाय पुढं सरकता येत नाही. एक मुलगी मला म्हणाली होती, "बाई, अक्षरांना मुंग्या लागतात." मी तेव्हा तिला चहा-बिस्किट खाऊन आली आहेस का, असं विचारलं, भुकेनं असं होत असेल असं मला वाटलं. ती जे सांगत होती ते नेमकं होतं. जवळ बघताना दोन्ही डोळे नाकाकडं वळून एका जागी मिळावे लागतात. ते मिळत नसतील किंवा मिळून टिकत नसतील, तर एका अक्षराची दोन होतात, सरकतात, एकमेकांवर चढतात. या दोषाला नंबर नसतो आणि भिंतीवरच्या तक्त्यात तो सापडत नाही.

या दोषावरचा उपाय म्हणजे डोळ्यांचे व्यायाम. त्यांची शास्त्रशुद्ध सुरुवात करणाऱ्यांत फ्रान्सच्या एमिल जावाल यांचं नाव घेतात. त्यांच्या घरातच तिरळेपणा होता, वडिलांना आणि बहिणीला. त्यातून ते अभियंत्याचे डॉक्टर झाले. वाचताना डोळा ओळीवरून पाण्यासारखा वाहत नाही, तो उड्या मारत जातो, हे १८७०च्या दशकाच्या अखेरीस जगापुढं आलं तेही त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कामातून. एकाच माणसाच्या हातून डोळ्यांचा उपचार आणि वाचनाचा अभ्यास दोन्ही सुरू व्हावेत, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. पुढं काचबिंदूनं जावाल स्वतः पूर्ण आंधळे झाले, आणि त्यानंतर, १९०५ मध्ये, त्यांचं वाचन-लेखनावरचं पुस्तक प्रसिद्ध झालं.

आजच्या दृष्टी-उपचारात वापरायची साधनं बघून पालकांचा विश्वास बसत नाही, इतकी ती साधी असतात. एक लांब दोरी, तिच्यात तीन रंगांचे मणी. एक टोक दाराच्या कडीला, दुसरं नाकाला टेकवायचं आणि एका मण्याकडं बघायचं. दोन्ही डोळे बरोबर काम करत असतील, तर एका दोरीच्या दोन दिसतात आणि त्या नेमक्या त्या मण्यापाशी एकमेकींना छेदतात. मण्याच्या अलीकडं छेदल्या तर डोळे जास्त वळले, पलीकडं छेदल्या तर कमी वळले. एकच दोरी दिसली तर एक डोळा मेंदूनं बंद ठेवलेला आहे. आपल्या डोळ्यांचं काय चाललं आहे हे मुलाला प्रथमच स्वतःला कळतं, आणि ते कळलं की ते सुधारता येतं. याशिवाय प्लस-मायनस भिंगांची उलटसुलट पट्टी असते, प्रिझम असतात, जवळच्या-दूरच्या अक्षरांवर नजर फिरवायचे तक्ते असतात.

याचा उपयोग होतो का? अमेरिकेत ९ ते १७ वर्षांच्या २२१ मुलांवर केलेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीचं उत्तर 'हो' असं आहे. आठवड्याला एक तास दवाखान्यात आणि आठवड्यातले पाच दिवस घरी पंधरा मिनिटं, असा बारा आठवडे उपचार घेतलेल्यांपैकी ७३ टक्के मुलांचे डोळे सुधारले. घरी नुसती पेन्सिल नाकाकडं आणण्याचा व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण ४३ टक्के होतं, आणि उपचारासारखं दिसणारं पण उपचार नसलेलं काहीतरी करणाऱ्यांत ३५. म्हणजे तज्ज्ञाच्या देखरेखीनं फरक पडतो. पण त्याच संशोधकांनी पुढं ३११ मुलांमध्ये आणखी एक प्रश्न विचारला. हा उपचार घेतल्यावर वाचलेलं जास्त समजतं का? २०१९ मध्ये आलेलं उत्तर 'नाही' असं होतं. डोळे जवळ बघताना अधिक चांगले मिळायला लागले, आकलनाचे गुण मात्र खोट्या उपचाराच्या गटाइतकेच राहिले.

हे उत्तर दडपून या विषयावर पुस्तक काढणं मला मान्य झालं नसतं. 'तारे जमीन पर' हा चित्रपट २००७ मध्ये आला आणि डिस्लेक्सिया हा शब्द घराघरांत पोचला. त्याचा फायदा झाला, मुलांवरचे फटके कमी झाले. पण त्याबरोबर 'डोळ्यांच्या व्यायामानं डिस्लेक्सिया बरा' असं सांगणारेही आले. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये एकत्र येऊन स्पष्ट सांगितलं आहे की नजरेचे दोष हे डिस्लेक्सियाचं कारण नाही, आणि डोळ्यांचे व्यायाम हा त्यावरचा उपाय नाही. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला ध्वनी आणि अक्षर यांची सांगड घालायला शिकवणारं खास शिक्षण लागतं. त्याचं मूल्यमापन सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी होतं, महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन १९९६ पासून या क्षेत्रात काम करते आहे, आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन-अक्षमतेचा समावेश आहे. डोळा नीट करणं म्हणजे अंगणातला चिखल काढणं. चालायला तरीही शिकावंच लागतं. ज्या मुलाला दोन्ही अडचणी आहेत त्याला दोन्ही मदती द्याव्यात, एकीच्या भरवशावर दुसरी सोडू नये.

मोठा खर्च करायच्या आधी साधा चष्मा बघावा, असं मी सांगेन. चीनच्या गान्सू आणि शान्शी या प्रांतांतल्या २५२ ग्रामीण शाळांत मुलांना मोफत चष्मे देऊन केलेला प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गणिताचे गुण थोडे, पण निश्चित वाढले. शिकवणी नाही, नवं पुस्तक नाही, फक्त काच.

मात्र काच नाकावर राहायला हवी. डॉ. परीक्षित गोगटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या ग्रामीण माध्यमिक शाळांत चष्मे वाटल्यावर काही महिन्यांनी पुन्हा जाऊन पाहिलं. त्यांचा लेख २०१३ मध्ये आला. चष्मा मिळालेल्यांतल्या पुन्हा तपासलेल्या १०१८ मुलांपैकी चष्मा घातलेली सापडली ३००. हे आकडे वाचून मला धक्का बसला नाही. 'ढापण्या', 'चष्मिस' या हाका मी वर्गात ऐकल्या आहेत. मुलीला चष्मा लागला की आजी लग्नाचं बोलायला लागते. दांडी मोडली की ती जोडायला कर्जतला जावं लागतं, आणि मजुरीवर जाणाऱ्या बापाचा तो दिवस बुडतो. तिरळेपणाचं तर आणखी वेगळं. काही घरांत तिरळं मूल भाग्याचं समजतात, त्यामुळे ते तपासणीला येतच नाही. एक उपाय मी केला आणि तो लागू पडला. चष्मा लागलेल्या पहिल्या मुलाला वर्गाचा मॉनिटर केलं, आणि माझा स्वतःचा वाचायचा चष्मा, जो मी पर्समध्ये ठेवत असे, तो दिवसभर दोरीनं गळ्यात घालायला लागले.

शेवटी आळशी डोळ्याविषयी लिहायचं आहे, आणि ते लांबणार आहे, कारण या विषयाची खरी परीक्षा आमच्या भागात इथंच होते.

एका डोळ्याचा नंबर दुसऱ्याहून फार वेगळा असला, किंवा एक डोळा तिरका असला, तर मेंदू चांगल्या डोळ्याचं चित्र घेतो आणि दुसऱ्याचं टाकून देतो. टाकत टाकत त्या डोळ्यानं बघायची सवयच मेंदूला राहत नाही. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी मांजराच्या पिल्लांवर हे दाखवून दिलं आणि त्यांना १९८१चं नोबेल मिळालं. लहान वयात डोळ्याला चित्र मिळालं नाही, तर मेंदूतली त्याची जागा दुसरा डोळा घेतो. उपाय जुना आहे. बुफाँ या फ्रेंच शास्त्रज्ञानं १७४३ मध्येच चांगला डोळा झाकायला सांगितलं होतं. आधी योग्य चष्मा आणि मग चांगल्या डोळ्यावर पट्टी. पूर्वी दिवसभर बांधत. २००३ मध्ये सात वर्षांखालच्या १८९ मुलांच्या चाचणीत दिसलं की मध्यम प्रतीच्या आळशी डोळ्यासाठी रोज दोन तास पट्टी ही सहा तासांइतकीच चालते. सातनंतर उपयोग नाही, असं मानणारेही चुकले. २००५च्या चाचणीत ७ ते १२ वर्षांच्या ज्या मुलांना चष्म्याबरोबर पट्टी आणि औषधही दिलं, त्यांच्यापैकी ५३ टक्क्यांची नजर तक्त्यावर दोन ओळी किंवा अधिक सुधारली. नुसत्या चष्म्यावर हेच प्रमाण २५ टक्के होतं. लवकर करावं हे खरं, पण चौथीत सापडलेल्या मुलाला उशीर झाला म्हणून परत पाठवू नये.

ओळखण्याची एक खूण आई घरीच बघू शकते. लहान मुलाचा एकेक डोळा खेळता खेळता हातानं झाका. एक झाकलेला चालतो आणि दुसरा झाकला की मूल हात ढकलतं, रडतं, तर त्या रडण्याचा अर्थ आहे. शाळेत तपासताना मुलं बोटांच्या फटीतून बघतात, म्हणून तळहातानं झाकायला सांगावं.

आता तपासणीची दिनदर्शिका. कर्जत-खालापूरच्या ठाकर आणि कातकरी वाड्यांतली, विशेषतः कातकऱ्यांची अनेक कुटुंबं दिवाळी झाली की वीटभट्टीवर जातात, ती पाऊस तोंडावर आला की परततात. मुलं बरोबर असतात. जानेवारीत शाळेत तपासणी झाली, तर ती मुलं हजेरीपटावर असतात पण रांगेत नसतात. फेब्रुवारीत आळशी डोळा सापडला, तर पट्टी बांधायची कुठं? त्या २००३च्या चाचणीत उपचार चालला चार महिने. जूनच्या मध्यावर शाळा उघडते आणि दिवाळीपर्यंत आमच्याकडं चार-साडेचार महिने मिळतात. भातलावणीचे दिवस सोडले तर त्या काळात माणूस घरी असतं, मूल घरी असतं, बाहेर पाऊस असतो. म्हणून माझं आग्रहाचं म्हणणं असं आहे की आमच्या तालुक्यांत डोळे तपासायचे ते शाळा उघडल्यावरच्या पहिल्या पंधरवड्यात. चष्मा जुलैत नाकावर हवा आणि पट्टी त्याच्यामागोमाग. पथकांचं वेळापत्रक आखणाऱ्यांनी हे पान वाचावं अशी माझी फार इच्छा आहे.

पट्टीचे दोन तास मुलाला शिक्षेसारखे वाटतात, कारण त्याचा कामाचा डोळाच आपण काढून घेतो. त्या वेळात तांदूळ निवडायला द्यावेत, सागरगोटे खेळावेत, मणी ओवावेत. या कामांनी डोळा बरा होतो असं नाही. त्यांच्यामुळे मूल पट्टी उपटून टाकत नाही, एवढंच, आणि एवढं पुरतं.

पळसदरीजवळच्या एका वाडीवरच्या मुलीला पहिलीत असताना अशी पट्टी लागली. आईला घड्याळ वाचता येत नव्हतं, आणि घरात घड्याळ नव्हतंही. दोन तास कसे मोजायचे, हे मी तिला समजावत बसले होते : सावली इथं आली की, भात शिजवून झाला की. पावसात सावली कुठली? तिनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाई, खोपोलीची गाडी जाती ना खालून." मग शाळेतून आल्यावरच्या पहिल्या गाडीला पट्टी लागायची. मधल्या गाड्या किती जाऊ द्यायच्या, ते आम्ही दोघींनी स्टेशनवर जाऊन वेळापत्रकावरून ठरवलं. त्या पावसाळ्यात गाडीची शिटी झाली की मुलगी स्वतःच ओट्यावर येऊन डोकं पुढं करायची, आणि आई हात पुसत यायची.